सायीखालचा घोट

आईकडून ती हकिकत ऐकायला लोक दुरून यायचे. गर्दी नव्हे, वर्षाकाठी चार-पाच जण. एखादा वर्तमानपत्रवाला, एखादं अमेरिकन जोडपं, एकदा रेडिओची माणसं यंत्र घेऊन आली होती. फॉइन्सच्या धक्क्याजवळ खाडीच्या पाण्यावर विमानं उतरायची त्या काळात आई तिथल्या उपाहारगृहात कामाला होती. व्हिस्की घातलेली, वर सायीचा थर असलेली ती कॉफी पहिल्यांदा झाली, त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती. तेवढ्यावर गावात तिला थोडा मान होता.

हकिकत ठरलेली होती. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. आमचा देश तटस्थ, म्हणून आमच्या सरकारच्या भाषेत नुसती आणीबाणी. अमेरिकेकडे निघालेलं विमान वादळामुळे अर्ध्या वाटेतून परत आलं. चौदा प्रवासी गारठून वर आले. आचाऱ्याला त्यांची कीव आली आणि त्यानं कॉफीत व्हिस्की ओतली. दहा मिनिटांत आई हे सांगून संपवायची, पाहुण्यांना एकेक पेला करून द्यायची, त्यांना दारापर्यंत पोचवायची. आत आल्यावर हात धुवायची. स्वतः मात्र ती कॉफी कधी प्यायची नाही, आणि पेल्यांना लागलेली साय मला कधी चाटू द्यायची नाही. एरवी माझ्या ताटातलं उरलेलं सुद्धा बिनदिक्कत खाणारी बाई होती ती.

खरी हकिकत तिनं मला लिमरिकच्या इस्पितळात सांगितली. शहाऐंशी सालचा ऑगस्ट. ती एकसष्ट वर्षांची होती, मी एकोणचाळीस. डब्लिनच्या ग्रंथालयातून रजा काढून मी तिच्याजवळ राहिले होते.

"फिनोला, चौदा नव्हते," ती एका दुपारी म्हणाली.

"काय चौदा नव्हते?"

"माणसं. विमानापासून लाँचमधून धक्क्यावर आली ती. मी पंधरा मोजली."

मला वाटलं, औषधाचा अंमल आहे. पण तिचा आवाज स्वच्छ होता. बाजारातून आल्यावर पिशवीत काय काय आहे ते सांगायची, तसा.

विमान परत आलं तो दिवस होता एक नोव्हेंबर. आमच्याकडे त्या संध्याकाळी गेलेल्या माणसांसाठी घर उघडं ठेवतात. दाराची कडी काढायची, चुलीत विस्तव ठेवायचा, शेजारी एक रिकामी खुर्ची आणि काहीतरी प्यायला. घरातली माणसं लवकर वर झोपायला जातात. सकाळी जे उरलं असेल ते ओहोटीच्या गाळात पुरायचं. खायचं नाही, कुत्र्यालाही घालायचं नाही, कारण त्यातलं सत्त्व येणाऱ्यानं नेलेलं असतं. खाडीकाठची आणखी एक रीत आहे. पाण्यावरून कुणी आलं की त्याला आधी काहीतरी गरम द्यायचं आणि मग नाव विचारायचं. थंडीनं दात वाजत असलेल्या माणसाला नाव विचारणं वाईट समजतात.

आई तेव्हा अठरा वर्षांची होती. इटा फेली. स्वयंपाकघरात तिच्याबरोबर पेग कोलबर्ट नावाची मुलगी होती. विमान सकाळी गेलं होतं, उजेड मावळताना परत आलं. दोघी भांडी देण्याच्या झरोक्यातून धक्क्याकडे बघत होत्या.

"आली परत आपली राजघराण्यातली मंडळी," पेग म्हणाली. "ती पुढची बघ. गळ्यात अख्खा कोल्हा घातलाय."

"कोल्ह्याला पण हुडहुडी भरलीय," आई म्हणाली.

आचारी मागून ओरडला, "कोल्हा नंतर बघा. चहानं यांचं काही भागणार नाही. इटा, पेले गरम पाण्यातून काढ. साखर घाल."

"किती घालू?"

"घरी घालतेस तशी चिमटीनं नको. साय वर तरंगायची तर साखर हवी. आज कुणी तुझं रेशन बघायला येत नाही."

आईनं पेले ओळीनं मांडले. झरोक्यातून दिसली तेवढी माणसं तिनं मोजली होती: पंधरा. शेवटचा माणूस जरा मागून आला. अंगात कोट नव्हता, डोकं उघडं, नुसता शर्ट. दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसला. सगळे शेकोटीपाशी गेले, हा गेला नाही.

आचाऱ्यानं कॉफी आणि व्हिस्की ओतली. मग चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून साय सोडली, ती काळ्या कॉफीवर पांढऱ्या झाकणासारखी पसरली. पेले बाहेर गेले. कुणीतरी विचारलं की ही कॉफी कुठल्या देशाची, कुणीतरी हसून म्हणालं, आमच्याच, आणि त्या हसण्यातून पुढं जगभर गेलेलं नाव जन्मलं. आईनं ते ऐकलं नाही. ती तेव्हा बाकाच्या टोकाला होती.

"मी त्याच्या हाताशी पेला ठेवला," आई म्हणाली. "म्हटलं, आधी प्या, नाव मग सांगा. आपण म्हणतो तसंच. त्यानं वर बघितलं नाही. वाफेकडे बघत होता. तेवढ्यात कोल्हेवाल्या बाईला रुमाल हवा झाला, म्हणून मी वळले."

"मग?"

"मग थॅडी हार्टनेट यादी घेऊन आला. लाँच तोच चालवायचा. गावातल्या मुक्कामासाठी मोटार उभी होती, तेव्हा नावं वाचून एकेकाला बसवायचं होतं. चौदा नावं वाचली, चौदा जण हो म्हणाले, चौदा जण गेले. बाक रिकामा. खाली पाण्याचं थारोळं."

मी पाणी दिलं. ओठ ओले करून तिनं पेला परत दिला.

"पेला तिथंच होता. वरून बघितलं तर साय जशीच्या तशी. एक ओरखडा नाही, कडेला ओठाचा डाग नाही. फक्त ती पेल्याच्या तळाशी बसली होती. कॉफी नव्हती. साय न मोडता कुणीतरी तिच्याखालून पिऊन टाकलं होतं."

"आई, काच तडकली असेल. गळून गेलं असेल."

"अगं, तो पेला पुढं नऊ महिने मीच धुतला." तिनं उशीवरून मान माझ्याकडे वळवली. "आता तू विचार, मी काय केलं."

"काय केलंस?"

"खाल्ली ती साय. बोटानं. पेगची पाठ होती तेवढ्यात. आम्ही रोजच खायचो गं. प्रवाशांचं उरलेलं लोणी, केकचे तुकडे, काय मिळेल ते. आमच्याकडे गाय नव्हती. साय म्हणजे नाताळला. हात गेला आणि तोंडात घातलं सुद्धा. दिवस कुठला ते डोक्यातच नव्हतं."

"कशी लागली?"

"लागलीच नाही. गार काहीतरी जिभेवर आलं आणि गेलं. घरी जाताना रस्त्यावर एकेक दार किलकिलं दिसायला लागलं, तेव्हा कळलं मी कुणाचं उष्टं खाल्लं."

दोन दिवसांनी ओहोटीला थॅडीला गाळात एक तरुण माणूस सापडला. शर्ट होता, एका पायात बूट होता. बाहेर समुद्रात तेव्हा जहाजं बुडत होती, पाणी कुणालाही आणून टाकायचं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी पाण्यात असावा. नाव सांगणारं काही सापडलं नाही. चर्चच्या आवारात कोपऱ्यात त्याला पुरलं, वर बिननावाचा एक दगड ठेवला.

पुढच्या वर्षी एक नोव्हेंबरला तो आईच्या घरी आला. मग दर वर्षी. लग्न झाल्यावर आमच्या घरी. आई पेला करायची, आणि सगळे वर गेल्यावर एकटी त्याच्यासमोर बसायची.

"बाबांना ठाऊक होतं?"

"एकदा विचारलं त्यांनी, मी सांगितलं. पुढं त्या दिवशी साडेचारलाच जिना चढायचे. म्हणायचे, इटा, आज पाय फार दुखतायत. वर्षातून एकच दिवस दुखायचे बघ पाय." ती हसली, आणि हसण्याचा तिला त्रास झाला.

"तो काय करतो?"

"काही नाही. दाराकडे बघत बसतो. त्याला यायचंच नसतं, फिनोला. इतरांचे मेलेले एकदा येतात, बसतात, जातात. मी त्याच्या वाट्याचं खाल्लं, म्हणून त्याला यावं लागतं. एका वर्षी मी पेलाच ठेवला नाही. म्हटलं, नसेल तर येणार नाही. तरी आला. रिकाम्या हातांकडे बघत बसला. त्यानंतर मी कधी चुकवलं नाही. माझी आजी म्हणाली होती, खाणारी गेली की तो सुटेल. आता सुटेल बिचारा. बेचाळीस वर्षं झाली."

मग तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर राहिला नव्हता, नुसतं वजन होतं.

"माझ्यासाठी काही ठेवू नकोस."

"बरं."

"नुसतं बरं नको. येण्याला काही नाही, एकदा मी आले तरी बिघडत नाही. पण तुला एकदा पुरणार नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे."

मी वचन दिलं. ते देताना मला तिच्या म्हणण्यावर विश्वास नव्हता. अशा रीती मी आमच्या ग्रंथालयात वाचल्या होत्या. जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळामास्तरांनी लिहून घेतलेल्या वह्यांत त्या जागोजाग सापडतात. कागदावर वाचलेल्या गोष्टीला माणूस आपोआप लांबची समजतो.

नऊ सप्टेंबरला सकाळी मी रजा वाढवून घ्यायला खालच्या मजल्यावर फोन करायला गेले. फोनवर दुसरं कुणी बोलत होतं, मी थांबले. वर आले तर परिचारिकेनं खिडकी सताड उघडली होती. बाहेर पाऊस होता. माणूस गेलं की आमच्याकडे खिडकी उघडतात, त्यावरून मला कळलं. आई जागी झाली होती, परिचारिका म्हणाली, आणि तिनं दाराकडे बघून विचारलं होतं, फिनोला कुठंय. फार वेळ जागी राहिली नाही. एवढंच.

त्यानंतर सात आठवडे मी नीट कामाला गेले, नीट जेवले, पत्रांना उत्तरं लिहिली. पण डोक्यात ते एक वाक्य सारखं चालू होतं, आणि त्याला उत्तर द्यायला माणूस नव्हतं. मला उत्तर द्यायचं होतं. फक्त तेवढंच हवं होतं. एक नोव्हेंबरला सकाळच्या गाडीनं मी लिमरिकला उतरले, साय आणि साखर विकत घेतली आणि फॉइन्सच्या घरी आले.

दुपारी थॅडी हार्टनेट आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, अजून पाठीवर पोतं घेऊन चालणारा. पोत्यात चुलीसाठी दलदलीतून काढून वाळवलेली पीटची ढेकळं होती.

"घर बर्फासारखं झालंय," तो म्हणाला. "डब्लिनमध्ये काय, बटण दाबलं की ऊब. इथं अजून वाकावं लागतं बाई."

"वाकते. बसा ना, थॅडी. चहा ठेवते."

तो बसला आणि त्याची नजर टेबलावर गेली.

"साय कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तू काळी कॉफी पितेस. आईच्या दफनानंतर माझ्याच घरी प्यालीस. माझी बहीण अजून सांगते, डब्लिनच्या बायकांना दूध सुद्धा जड जातं."

मी किटली भरायला वळले.

"इटानं तुला सांगितलंय ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पोरी, यादी वाचली ती मी. बाकाखालचं पाणी पुसलं ते मी. आणि दोन दिवसांनी त्याला गाळातून ओढून काढला तोही मीच. माझ्या लाँचमध्ये चौदाच होते. हे मी तुझ्या आईखेरीज कुणाशी बोललो नाही, कारण सांगितलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, थॅडीनं उरलेली व्हिस्की संपवली. संपवली होती, ती गोष्ट वेगळी."

"मी फक्त एकदा ठेवणार आहे. तिला एक गोष्ट सांगायची आहे."

"ते इथूनही सांगता येतं. कबरीवर जाऊन सांग."

"सांगितली. तिथं ती नाही."

थॅडीनं टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटांनी फिरवत राहिला. "आज माझ्याकडे चल. बहिणीनं कोबी घालून बटाटे कुटलेत. खारट असतात, पण गरम असतात. उद्या सकाळी आणून सोडतो."

"उद्या सकाळी या. आज मला इथंच राहू द्या."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "ठेवायचं तर ठेव. मी कोण नाही म्हणणारा. पण सकाळी मी यायच्या आधी पेल्याला हात लावू नकोस. ऐकतेस ना?"

"ऐकते."

उजेड गेला तशी मी कडी काढली. चूल पेटवली, आईची खुर्ची शेजारी ठेवली. पेला गरम पाण्यानं तापवला, दोन चमचे साखर, व्हिस्की, वर कॉफी. साय पालथ्या चमच्यावरून सोडताना थोडी कडेला सांडली, पण थर नीट बसला. पाच वाजता मी वर गेले. जिना चढताना एकदाच मागं बघितलं. खोलीत चुलीचा उजेड होता आणि एक खुर्ची, जिच्यावर कुणी नव्हतं.

मी झोपले नाही, आणि काही ऐकूही आलं नाही. ना पाऊल, ना दार. खाडीचा आवाज होता, तो असतोच.

उजाडताना खाली आले. चूल विझली होती. पेला जागेवर होता. साय तळाशी बसली होती, पांढरी, गोल, अखंड. कडेला माझ्या हातून सांडलेला ठिपका सुद्धा तसाच वाळला होता.

तरी मी स्वतःला सांगितलं असतं की काच तडकली आहे. पण खुर्ची हलली होती. वीतभर डावीकडे सरकून थोडी तिरकी झाली होती, दाराच्या फटीतून येणारा वारा पाठीला लागू नये अशी. आई कुठल्याही खुर्चीत बसायच्या आधी एवढं करायची. दुसऱ्यांच्या घरी, चर्चमध्ये, इस्पितळात सुद्धा. मला त्याचा लहानपणी फार राग यायचा, लोकांसमोर लाज वाटायची.

म्हणजे ती आली होती. खाली बसली होती, आणि मी वर पलंगावर पडून छताकडे बघत होते. दुसऱ्यांदा ती होती तिथं मी नव्हते.

मी त्या खुर्चीत बसले आणि पेला हातात घेतला. आईनं काय सांगितलं होतं ते मला शब्द न् शब्द आठवत होतं. थॅडीनं काय सांगितलं होतं तेही. मी भुलले नाही, घाईही केली नाही. आईच्या हातून झाली तशी चूक माझ्या हातून झाली नाही. मला सगळं ठाऊक होतं. दहा-पंधरा मिनिटं मी तशीच बसून होते. मग उठून चमचा आणला.

चव नव्हती. गार काहीतरी जिभेवर आलं आणि गेलं.

थॅडी आला तेव्हा चमचा अजून माझ्या हातात होता. त्यानं तो बघितला, पेला बघितला.

"खाल्लीस."

"हो."

त्यानं टोपी काढली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"काल संध्याकाळी मी त्या पोराच्या दगडापाशी होतो," तो म्हणाला. "दर वर्षी एक नोव्हेंबरला तो दगड ओला असायचा. पाऊस असो नसो. बेचाळीस वर्षं हात लावून बघतोय. काल कोरडा होता. मी म्हटलं, चला, इटा गेली आणि जाता जाता याला मोकळा करून गेली." त्यानं माझ्या हातातला चमचा घेतला आणि नळाखाली धरला. "आणि तू लगेच तिलाच बसवलंस त्याच्या जागी."

त्यानंतर वर्षभर मी पुष्कळ वाट बघितली. हे लिहायला संकोच वाटतो, पण मी वाट बघितली. मधल्या काळात दुःख थोडं कमी झालं, कारण तारीख ठरलेली होती. कधी तरी रस्त्यानं चालताना हसूही यायचं.

सत्त्याऐंशीच्या एक नोव्हेंबरला मी वर गेले नाही. पेला ठेवला आणि समोर बसले. खाडीवरचा उजेड काळवंडला, आणि थोड्या वेळानं दार उघडलं. कुणाचे दोन्ही हात भरलेले असावेत आणि त्यानं खांद्यानं ढकलावं, तसं सावकाश.

आई आत आली. पुरताना तिला घातलेला तपकिरी झगा अंगावर होता. पाय उघडे होते. तिनं खुर्ची वीतभर सरकवली आणि बसली. चेहरा तिचाच होता, पण कुठंतरी जायला निघालेल्या आणि वाटेत अडवलेल्या माणसाचा असतो तसा. पेल्याला तिनं हात लावला नाही. कॉफी मात्र उतरू लागली, आणि पांढरं झाकण तिच्याबरोबर खाली, खाली गेलं.

"आई," मी म्हणाले.

तिनं दाराकडे बघितलं.

"आई, मी फोन करायला गेले होते. त्या दिवशी. खालच्या मजल्यावर. कुणीतरी बोलत होतं म्हणून थांबावं लागलं. मी लगेच येणार होते."

हे बोलायला मी चौदा महिने थांबले होते. बोलून झालं. चुलीत एक ढेकूळ खचलं. तिला ऐकू आलं की नाही, ते मला कळलं नाही. ती दाराकडे बघत होती. राग नव्हता, ओळखही नव्हती. फक्त दार.

साय तळाला टेकली, तरी ती उठली नाही. पाहुणा निघायच्या आधी घरच्यांनी काही म्हणायची वाट बघतो, तशी खुर्चीच्या कडेवर आली आणि थांबली. मी म्हटलं, "जा, आई." काही झालं नाही. मी पुन्हा म्हटलं. उजाडेपर्यंत मी ते किती वेळा म्हटलं कुणास ठाऊक. सगळा वेळ ती तिथं होती आणि दाराकडे बघत होती, आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तिचे उघडे पाय बघत होते. पहाटेच्या उजेडात खुर्ची रिकामी दिसली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते तिच्यासाठी वाटलं असं मी म्हणू शकत नाही.

साय मी ओहोटीच्या गाळात पुरली. थॅडी बरोबर आला होता.

"या वेळी मी खाल्ली नाही ना. मग आता ती सुटेल?" मी विचारलं.

"एकदा खाल्लीस ती खाल्लीस," तो म्हणाला. "इटानं तरी दुसऱ्यांदा कधी खाल्ली होती?"

या फेब्रुवारीत ग्रंथालयातल्या सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर तरुण होते, बोलके होते. त्यांनी छाती तपासली, रक्तदाब बघितला, घरात कोण कशानं गेलं ते विचारलं. मी सांगितलं, आई कर्करोगानं. त्यांनी सगळे कागद पुन्हा नीट बघितले आणि म्हणाले की तसलं काही दिसत नाही. हृदय तर विशीतल्या मुलीसारखं आहे, काळजी घेतलीत तर नव्वदी सहज गाठाल. मी आभार मानले. मनात बेरीज झाली होती: खाणारी जाईपर्यंत आईला अजून पन्नास खेपा.

बाहेर आले तेव्हा दगडी पायऱ्यांवर बर्फ गोठला होता. माझ्यापुढं एक माणूस घसरता घसरता वाचला आणि स्वतःशीच हसत निघून गेला. मी वरच्या पायरीवर उभी होते. पायऱ्या उंच होत्या, चौदा-पंधरा असतील. हात आपोआप कठड्याकडे गेला, आणि मी एकेक पायरी बघून, सावकाश खाली उतरले.